दक्षिणेपासून शिष्यवृत्तीपर्यंत

वयाच्या मानानें फार पुढें गेलेल्या मुलाला वेळेआधींच विद्यापीठांत जाऊं द्यावें काय, आणि त्याचा खर्च सार्वजनिक तिजोरींतून व्हावा काय, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. पुष्कळांची समजूत अशी आहे, कीं हा प्रश्न आपल्याकडे परदेशांतून आला. ही समजूत बरोबर नाहीं. बुद्धिमान मुलाच्या शिक्षणाचा भार राज्यानें उचलावा कीं नाहीं, उचलावा तर कोणत्या मुलाचा, आणि त्याच्या बदल्यांत त्याच्याकडून काय घ्यावें, या गोष्टींचा विचार महाराष्ट्रांत निदान दोनशें वर्षें चालला आहे. त्यांतून निघालेलीं उत्तरें कधीं उत्तम ठरलीं, कधीं एकांगी. आज तोच इतिहास मी आपणांपुढें थोडक्यांत मांडणार आहें.

या कथेचा उगम तळेगांवच्या दाभाडे घराण्यांत आहे. सेनापति खंडेराव दाभाडे हे श्रावणमासांत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वाटीत. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडले, आणि पुढें ही प्रथा पेशव्यांनीं पुण्यास आपल्या हातीं घेतली. पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्याच्या आवारांत दूरदूरच्या प्रांतांतून शास्त्री, वैदिक आणि त्यांचे शिष्य जमत. ज्यांची विद्या मोठी त्यांस मोठी दक्षिणा, आणि बाकीच्या समुदायास सरसकट कांहीं ना कांहीं, अशी रीत होती. खर्च लाखांच्या घरांत जाई. या प्रथेंत एक थोर तत्त्व होतें आणि एक मोठा दोषहि होता. विद्येचा सन्मान करणें हें राज्याचें कर्तव्य आहे, तिची कसोटी विद्या हीच असावी, हें तें तत्त्व. कसोटीला बसण्याचा अधिकार मात्र जन्मानें मिळावा, हा तो दोष. पुढील सर्व इतिहास म्हणजे तें तत्त्व राखून तो दोष काढून टाकण्याची खटपट आहे, असें म्हटलें तरी चालेल.

१८१८ सालीं पेशवाई गेली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननें दक्षिणा एकदम बंद केली नाहीं. लोकांचीं मनें दुखवावयाचीं नाहींत असें त्याचें धोरण होतें. १८२१ सालीं पुण्याच्या विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली, आणि तिला दक्षिणेच्या रकमेचाच आधार मिळाला. पुढें सरकारनें नवीन दक्षिणा देणें थांबविलें, तेव्हां उरणाऱ्या रकमेचें काय करावें हा प्रश्न उभा राहिला. १८४९ सालीं पुण्याच्या सुधारकांनीं सरकारकडे अर्ज केला, कीं या पैशांतील कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस द्यावा, आणि देतांना जात पाहूं नये. लोकहितवादी गोपाळराव देशमुख यांचा या खटपटींत पुढाकार होता. जुन्या मंडळींचा क्षोभ इतका झाला, कीं अर्जदारांच्या रक्षणासाठीं जोतीराव फुले आपलीं दोनशें माणसें घेऊन उभे राहिले, असें त्यांच्या चरित्रांत सांगितलें आहे. १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. त्याच वर्षीं पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एक करून पूना कॉलेज निघालें. तेंच पुढें डेक्कन कॉलेज झालें.

येथून आपल्या विषयाचा खरा गाभा सुरू होतो. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. परीक्षा घेणें सोपें होतें, पण परीक्षेनंतर तीन-चार वर्षें मुंबईपुण्यास राहून पदवीपर्यंत पोंचणें मध्यमस्थितींतील घराला परवडणारें नव्हतें. अशा वेळीं दक्षिणा फंडांतून फेलोशिपा देण्याची योजना झाली. श्रावणांतील एक दिवसाच्या दानाचें रूपांतर दरमहाच्या विद्यावेतनांत झालें. दान घेणारा घरीं परत जात असे. विद्यावेतन घेणारा कॉलेजांत राही, स्वतः शिके, आणि खालच्या वर्गांना शिकवी. हा फरक लहान दिसतो, परंतु एका जुन्या संस्थेचा सारा अर्थच त्यानें बदलला.

या योजनेचें पहिलें फळ म्हणजे महादेव गोविंद रानडे. रानड्यांचा जन्म १८४२ सालचा, निफाडचा. बाळपण कोल्हापुरांत गेलें. चौदा-पंधरा वर्षांचा हा मुलगा मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें आला, तेव्हां त्याच्या वयाचीं बहुतेक मुलें गांवच्या शाळेंतच होतीं. आरंभीं त्यांना लहान शिष्यवृत्त्या मिळाल्या. नंतर कनिष्ठ दक्षिणा फेलो म्हणून तीन वर्षें दरमहा ६० रुपये, आणि ज्येष्ठ फेलो म्हणून पुढचीं तीन वर्षें दरमहा १२० रुपये मिळूं लागले. १८५९ सालीं मॅट्रिक, १८६२ सालीं विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत बी. ए., १८६४ सालीं एम. ए., १८६६ सालीं एल्एल्. बी., असा हा क्रम आहे. विसाव्या वर्षीं पदवी घेणारा आणि त्याच वेळीं वर्गाला शिकविणारा हा तरुण पुढें हायकोर्टाचा न्यायमूर्ति झाला. अर्थशास्त्र, इतिहास आणि समाजसुधारणा या तिन्ही क्षेत्रांत त्यानें एका पिढीला वळण लावलें. सहा वर्षांच्या विद्यावेतनावर राज्याला याहून मोठें व्याज कोठें मिळालें असेल?

परंतु या व्यवहाराची दुसरी बाजूहि याच चरित्रांत आहे. विद्यार्थिदशेंत रानड्यांनीं एका निबंधांत मराठ्यांच्या राज्याची तुलना इंग्रजी राज्याशीं केली, आणि ती इंग्रजी राज्याला अनुकूल नव्हती. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांचा रानड्यांवर लोभ होता. तरीहि त्यांनीं सहा महिने शिष्यवृत्ति बंद ठेवली, असें चरित्रकार सांगतात. जें सरकार तुम्हांला शिकवितें त्याला तुम्हीं नांवें ठेवूं नयेत, असा त्यांचा विचार. दक्षिणा फंड हा मुळांत पेशव्यांच्या राज्याचा, म्हणजे येथल्याच रयतेच्या पैशाचा वारसा होता, ही गोष्ट ग्रँटसाहेबांच्या ध्यानांत राहिली नाहीं. देणारा हात आणि विचार करणारें डोकें यांच्यामध्यें कांहीं अंतर असावें लागतें. तें नसेल तर शिष्यवृत्ति हीच एक बेडी होते.

रानड्यांचे सहाध्यायी रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचें उदाहरण वेगळ्या कारणासाठीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्यांचा जन्म १८३७ सालीं मालवणास झाला. तेहि दक्षिणा फेलो होते. ते संस्कृताकडे वळले ते शिक्षणखात्याचे डायरेक्टर हॉवर्ड यांच्या प्रोत्साहनानें. फेलोशिपीनें त्यांना त्या अभ्यासासाठीं अवकाश दिला. इंग्रजी आणि गणित यांत वाढलेल्या तरुणाला वेगळ्या वाटेनें जाण्यास सवड मिळाली, आणि त्यांतून हिंदुस्थानच्या प्राचीन इतिहासाचा एक श्रेष्ठ संशोधक निर्माण झाला. १९१७ सालीं पुण्यास त्यांच्या नांवानें जी प्राच्यविद्या संशोधनसंस्था उभी राहिली, तिच्या पायाखालीं ही फेलोशिपहि आहे. बुद्धिमान मुलाला जितकी पैशाची गरज असते, तितकीच मोकळ्या वेळाची असते. हें त्या जुन्या योजनेला कळलें होतें.

आतां वयाकडे वळूं. परीक्षा बुद्धीची, पण दाराशीं पहारेकरी मात्र वयाचा, असा अनुभव आपल्याकडे फार जुना आहे. १८७५ सालीं मुरुडचा एक मुलगा सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठीं साताऱ्यास निघाला. पावसाळ्याचे दिवस, कुंभार्ली घाटाची वाट, शंभरांहून अधिक मैलांची पायपीट. परीक्षेला बसण्यास सतरा वर्षें पूर्ण व्हावीं लागत. मुलाचीं सतरा वर्षें पूर्ण झालेलीं होतीं. पण अंगानें तो किरकोळ होता. परीक्षकांनीं त्याच्याकडे पाहिलें आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाहीं म्हणून परत पाठविलें. पुढच्या वर्षीं कोल्हापुरास जाऊन तो ती परीक्षा उत्तीर्ण झाला. हा मुलगा म्हणजे महर्षि धोंडो केशव कर्वे. मॅट्रिक होण्यास त्यांना १८८१ साल उजाडलें. नियम असावे, हें खरें. पण नियमाचा अंमल करणाऱ्यानें कागद न पाहतां चेहरा पाहिला, तर काय होतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाहीं.

कर्व्यांनीं हा अनुभव कसा फेडला, तेंहि पाहा. त्यांचे आप्त रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १८७६ सालचा, मुर्डीचा. या हुषार मुलाला कर्व्यांनीं मुंबईस आपल्या घरीं ठेवून घेऊन शिकविलें. तेथें ना फंड होता, ना कमिटी. एका शिक्षकाचें बिऱ्हाड होतें. पुढें परांजपे फर्ग्युसन कॉलेजांतून १८९४ सालीं, म्हणजे अवघ्या अठराव्या वर्षीं, पदवीधर झाले आणि हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ति मिळवून केंब्रिजला गेले. १८९९ सालीं ते तेथें सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. परत येऊन त्यांनीं मोठ्या सरकारी नोकरीच्या मागें न लागतां फर्ग्युसनमध्यें आजीव सेवकाच्या तुटपुंज्या वेतनावर काम केलें. सरकारी शिष्यवृत्ति ही शेवटची पायरी होती. पहिली पायरी एका घरानें बांधली होती. पहिली पायरी नसेल, तर शेवटच्या पायरीपर्यंत मूल पोंचतच नाहीं.

हीच गोष्ट जोतीराव फुल्यांनीं फार आधीं आणि फार कठोरपणें सांगितली होती. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं दाखवून दिलें, कीं सरकारी महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या घामांतून जमतो आणि उच्च शिक्षणाच्या रूपानें वरच्या वर्गांवर खर्च होतो. शिष्यवृत्त्या चढाओढीनें देणें हें वरवर न्याय्य दिसतें. परंतु ज्या जातींत विद्या अजून पोंचलीच नाहीं, त्यांच्या हातीं त्यामुळें कांहीं लागत नाहीं, असा त्यांचा मुद्दा होता. वेळेआधीं पुढें जाणाऱ्या मुलाविषयीं बोलतांना हा मुद्दा कधीं विसरूं नये. ज्याची वेळच मुळीं उशीरा सुरू झाली, तो वेळेआधीं कसा पोंचणार?

या प्रश्नाला संस्थानिकांपैकीं दोघांनीं कृतीनें उत्तर दिलें. कोल्हापुरास छत्रपति शाहूमहाराजांनीं १९०१ सालापासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें उभारलीं. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनीं भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला प्रथम कॉलेजसाठीं दरमहा २५ रुपये, आणि १९१३ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठासाठीं शिष्यवृत्ति दिली. तिच्या बदल्यांत दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. आंबेडकर बडोद्यास नोकरीवर हजरहि झाले. परंतु अस्पृश्यतेमुळें त्यांना त्या शहरांत राहण्यास जागासुद्धां मिळेना, आणि त्यांना तें शहर सोडावें लागलें. राज्यानें पैसा दिला, समाजानें खोली दिली नाहीं! हेच डॉ. आंबेडकर पुढें व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत असतांना, १९४४ सालीं, अस्पृश्य वर्गाच्या विद्यार्थ्यांसाठीं मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्यांची केंद्रीय योजना सुरू झाली. घेतलेल्या शिष्यवृत्तीची ही सर्वांत मोठी परतफेड होय.

आमच्या नागपुराकडे आतां थोडें पाहूं. येथें हिस्लॉप कॉलेज आणि १८८५ सालीं मॉरिस कॉलेज निघेपर्यंत उच्च शिक्षणासाठीं मुलाला परप्रांतांत धाडावें लागे. कॉलेजें निघालीं तरी परीक्षा प्रथम कलकत्त्याच्या आणि नंतर अलाहाबादच्या विद्यापीठाच्या असत. नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें. रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रांतील देणगींतून १९४२ सालीं येथें त्यांच्या नांवाची तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. येथील सरकारी सायन्स कॉलेजचे एक विद्यार्थी म्हणजे शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. लॅटिन चौकोनांविषयीं ऑयलर या थोर गणित्यानें अठराव्या शतकांत बांधलेला एक अंदाज बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनीं १९५९ सालीं खोटा ठरविला. जगभर त्याची वार्ता झाली. नागपुरांतील एका सरकारी कॉलेजच्या बाकावरून उठलेला विद्यार्थी तेथवर गेला. गांवांत चांगलें सरकारी कॉलेज असणें, हीच अनेक घरांना मिळालेली सर्वांत मोठी शिष्यवृत्ति असते.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारनें शोधाचें काम हातीं घेतलें. १९६३ सालीं दिल्लीपुरती दहा शिष्यवृत्त्यांची विज्ञान-प्रज्ञाशोध योजना निघाली. दुसऱ्याच वर्षीं ती ३५० शिष्यवृत्त्या घेऊन देशभर पसरली. पुढें तिला राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेचें रूप आलें. १९९९ सालीं किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना आली. पुण्यास १९६२ सालीं ज्ञानप्रबोधिनीनें प्रज्ञावान मुलांसाठीं स्वतंत्र प्रयोग सुरू केला. परंतु प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर स्थगित झाली आणि किशोर वैज्ञानिक योजना २०२२ सालीं दुसऱ्या योजनेंत विलीन करण्यांत आली. शिवाय या सर्व योजना इयत्तेच्या शिडीला बांधलेल्या होत्या. दहावींतल्या मुलाला अकरावी-बारावींत पैसे मिळत. पण जें मूल चौदाव्या वर्षीं पदवीच्या वर्गांत बसण्यास योग्य आहे, त्याच्यासाठीं त्यांत वेगळी वाट नव्हती. परदेशांत अशा वाटा आखल्या गेल्या. अमेरिकेंत १९५१ सालीं फोर्ड प्रतिष्ठानच्या पैशानें कांहीं विद्यापीठांनीं शाळा पुरी न केलेलीं मुलें घेतलीं. चीननें १९७८ सालीं आपल्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठांत कुमारांचा खास वर्ग काढला.

परंतु घाई हें कांहीं ध्येय नव्हे. नॉर्बर्ट वीनर अकराव्या वर्षीं कॉलेजांत गेला आणि मोठा गणिती झाला. विल्यम सिडिसहि अकराव्याच वर्षीं हार्वर्डमध्यें गेला. वर्तमानपत्रांनीं त्याचा पिच्छा पुरविला, आणि १९४४ सालीं तो कोणाच्या खिजगणतींत नसतां वारला. दोघांच्या बुद्धींत फारसें अंतर नसावें. मुलाभोंवतीं कोणत्या प्रकारचीं माणसें आहेत, यावर पुष्कळ अवलंबून असतें.

नागपुरालगत अमरावती रस्त्यावर आमची वाडी आहे. एका अंगाला ऑर्डनन्स फॅक्टरी, दुसऱ्या अंगाला मालवाहतुकीचीं गोदामें. हमालांचीं, ट्रकवाल्यांचीं, कामगारांचीं मुलें मीं तीस-पस्तीस वर्षें शिकविलीं. त्यांत दर कांहीं वर्षांनीं एखादें मूल असें निघे, कीं दिवाळीपूर्वींच वर्षाचें गणिताचें पुस्तक संपवून वरच्या वर्गाचें मागूं लागे. शाळेजवळ त्याला देण्यासारखें कांहीं नसे. मग तें मूल खोडकर म्हणून ओळखलें जाई, किंवा हळूहळू इतरांसारखें गप्प बसावयास शिके. यांत दुसरा प्रकार मला अधिक दुःखाचा वाटतो. एका बापानें मला विचारलें होतें, “गुरुजी, पोराला पुढं नेतां म्हणतां तर न्या, पण तिकडं तो राहील कुठं, अन् त्याच्याकडं पाहील कोण?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. परंतु आज सांगितलेल्या इतिहासांत त्याचें उत्तर आहे.

तें उत्तर मला असें दिसतें. पैसा एकदांच बक्षीस म्हणून न देतां दरमहा आणि पुरेशा मुदतीसाठीं द्यावा; रानड्यांना सहा वर्षांचा भरंवसा मिळाला होता. त्याबरोबर राहण्याची जागा आणि एक जाणतें माणूस द्यावें; परांजप्यांना कर्व्यांचें घर मिळालें, आंबेडकरांना बडोद्यांत खोलीहि मिळाली नाहीं. शोध खालच्या इयत्तांपासून आणि गरीब वस्त्यांपासून सुरू करावा. नाहीं तर फुल्यांचा आक्षेप आजहि तसाच उभा राहील. वयाचा नियम असावा, परंतु तज्ज्ञांनीं मुलाला तपासून तो शिथिल करण्याची सोय असावी. आणि जें मूल वर जाऊन दमलें, त्याला मानहानि न होतां परत खालीं येतां यावें. शेवटची गोष्ट, शिष्यवृत्ति घेणाऱ्याकडून सेवेची अपेक्षा करावी, विचारांची करूं नये.

२०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत प्रज्ञावान मुलांना विशेष उत्तेजन देण्याचा उल्लेख आहे. तें शब्दांतून व्यवहारांत आणण्यासाठीं फार मोठ्या रकमेची गरज नाहीं, कारण अशीं मुलें थोडींच असतात. ज्या रकमेंतून शंभर वर्षें श्रावणांत दक्षिणा वाटली गेली, तिच्याच उरलेल्या भागांतून महाराष्ट्राला रानडे आणि भांडारकर मिळाले. तिजोरी तीच होती. खर्च करण्याची दृष्टि बदलली होती. आज ती दृष्टि जिल्ह्याजिल्ह्यांतील शाळांपर्यंत पोंचली पाहिजे, इतकेंच सांगून मी आपली रजा घेतों.